२०१४ चा पीसी, चौदा हजार रुपये आणि लॅगचा शोध

आम्ही पाच जण दहावीपासून एकत्र. आता सम्या पुण्यात, अव्या बंगळूरला, रोह्या हैदराबादला, पिंट्या मिरजेत आणि मी एकटा सांगलीत गावभागात, कुपवाडच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. वर्षातनं एकदा गणपतीत भेटतो फक्त. पण लॉकडाऊनमध्ये वॅलोरंट आलं, पाच-पाच जणांच्या दोन टीमचा ऑनलाइन गोळीबाराचा गेम, २०२० च्या जूनमध्ये, आणि तेव्हापासून आठवड्यातल्या तीन-चार रात्री साडेदहाला आम्ही पाचही जण एकाच टीममध्ये असतो, गेम कमी आणि गप्पा जास्त, कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचं लग्न ठरलं, सगळं तिथंच कळतं. त्यामुळं पीसी नीट चालणं हे माझ्यासाठी नुसतं गेमचं काम नव्हतं.

आणि पीसी नीट चालत नव्हता. राउंड सुरू झाला की दोन सेकंद चित्र गोठायचं, समोर माणूस आला की नेमकं तेव्हाच झटका, कधी मी पळतोय असं मला दिसायचं आणि बाकीच्यांना मी भिंतीला टेकून उभा दिसायचो, आवाज तुटायचा तो वेगळाच. अव्या म्हणायचा, "भावा, तुझा लॅग परत सुरू झाला बघ." त्या एका शब्दापायी मी दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी बघत बसलो. ह्याच्याबद्दल पुढं सविस्तर सांगतो, कारण पैसे कुठं घालायचे हे सगळं त्याच्यावरच ठरलं.

पीसी बाबांनी २०१४ ला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला घेऊन दिलेला. इंटेलचा आय-३ ४१५०, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो), ४ जीबी डीडीआर-३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १३६६ बाय ७६८ चा व्हीजीए वायरवाला मॉनिटर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आम्ही कॅबिनेट माळ्यावर टाकून विश्रामबागला मावशीकडं गेलो होतो. पाणी माळ्यापर्यंत पोचलं नाही पण घर दहा-बारा दिवस बंद आणि ओलं होतं. परत आल्यावर पीसी चालूच होईना. मग रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले आणि परत बसवली तर चालू झाला. तेव्हापासून त्याच्यावर माझा जीव आहे म्हणा.

२०२४ च्या दिवाळीत बोनस आला तेव्हा ठरवलं, १५ हजारात जे होईल ते करायचं. आधी एका दुकानात विचारलं तर त्यांनी कॅबिनेट न उघडताच सांगितलं की हा भंगारात द्या आणि ४५ हजाराचा नवीन घ्या. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "चालतोय की अजून, मोडून टाकायला काय झालंय त्याला?" मला दोघांचंही पटलं नाही. चालत होता पण धड चालत नव्हता, आणि ४५ हजार माझ्याकडं नव्हते.

मग एका रविवारी काहीच विकत न घेता नुसतं मोजत बसलो. हे माझ्या हातनं झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. वॅलोरंटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओत स्टॅट्स म्हणून भाग आहे, तिथनं एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात), नेटवर्कचा राउंड ट्रिप टाइम (डेटाचं पाकीट सर्व्हरला जाऊन परत यायचा वेळ, ह्यालाच पिंग म्हणतात) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पाकिटं) असे तिन्ही आकडे गेम चालू असताना स्क्रीनवर दिसतील असं केलं, शेजारी पीसीचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडा ठेवला आणि तीन मॅच खेळलो. झटका बसला की कुठला आकडा हलला ते वहीत लिहायचं, बस. तीन मॅचनंतर वहीत दिसलं की माझा लॅग हा एक आजार नव्हताच, तीन होते. कधी एफपीएस ५५ ला स्थिर पण पिंग २० वरनं एकदम २०० ला आणि पॅकेट लॉस, तेव्हा मी भिंतीला चिकटलेला दिसायचो. कधी पिंग एकदम शांत पण डिस्क शंभर टक्के आणि मेमरी ९३ टक्के, तेव्हा चित्र गोठायचं. आणि कधी दोन्ही ठीक पण धूर, स्फोट, चार-पाच जण एकत्र आले की एफपीएस ३० वर आपटायचे. पहिला दोष इंटरनेटचा, दुसरा रॅम आणि हार्ड डिस्कचा, तिसरा प्रोसेसर-ग्राफिक्सचा. आम्ही तिघांनाही लॅगच म्हणत होतो आणि मी दोन वर्षं ग्राफिक्स कार्डाच्या किमती बघत बसलो होतो, जे घेतलं असतं तरी पहिले दोन तसेच राहिले असते.

नेटपासनं सुरुवात केली कारण तिथं पैसे कमी लागणार होते. कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरच्याच पत्त्यावर सतत पिंग लावला. बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला नाही, घरातल्या राउटरला. तो बाहेरच्या खोलीत आणि मी मागच्या खोलीत, मधे जुन्या घराची दीड फुटाची दगडी भिंत, आणि माझ्याकडं वायफायचा बारका यूएसबी डोंगल. घरातल्या घरात पिंग एक-दोन मिलिसेकंदाच्या वर जायला नको, माझा २ वरनं १८०, मधेच रिक्वेस्ट टाइम्ड आऊट, म्हणजे उत्तरच नाही. म्हणजे दर महिन्याला मी केबलवाल्या दादाला फोन करून भांडत होतो आणि त्याचा काही संबंधच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून तसं सांगितलं पण, मला बरं वाटलं.

कॅट-६ ची २० मीटर लॅन केबल घेतली, दोन्ही टोकांना कनेक्टर लावून ४०० रुपये, दाराच्या चौकटीवरनं खिळे मारत मागं आणली. आईला ती वायर बघवत नव्हती म्हणून पांढऱ्या पट्टीनं झाकली. राउटरचा पिंग लगेच एकच्या आत, आणि गेममधला मुंबई सर्व्हरचा १८ ते २२ मध्ये स्थिर. एवढ्या ४०० रुपयांत एक तृतीयांश दुखणं गेलं. तरी रोज रात्री अकराच्या सुमाराला दहा-पंधरा मिनिटं पिंग वर जायचाच. ते शोधायला चार दिवस लागले. आई झोपताना फोन चार्जिंगला लावायची आणि चार्जिंगला लागला की तिच्या फोनातले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ ऑनलाइन बॅकअपला जायला लागायचे. सगळ्यांचं लक्ष डाऊनलोड स्पीडवर असतं, पण वर पाठवायची लाइन तुंबली तरी गेमची छोटी छोटी पाकिटं रांगेत अडकतात. राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घालायची सोय सापडली, आईच्या फोनला ती लावली, तिला काही फरक पडला नाही आणि मला पडला.

मग कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात त्यांच्यामध्ये धूळ अशी बसलेली की वाळलेल्या वाकळंचा तुकडा निघावा तसा एक थर अख्खा निघाला. पूर ओसरल्यावर सांगलीत जी बारीक गाळाची माती महिनोन्महिने उडत होती ती त्यात असणारच. ब्लोअर पिंट्याच्या गॅरेजमधनं आणला होता, हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, फिरू द्यायचा नाही. प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेणारी जुनी थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली, ती स्पिरिटनं पुसून नवीन १५० रुपयांची लावली, वाटाण्याएवढी, मधोमध.

इथं माझं एक चुकलं. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, चारही टक् असा आवाज येईपर्यंत दाबाव्या लागतात आणि समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या, त्यातली एक नीट बसलीच नव्हती. पीसी चालू झाला आणि पाच मिनिटांत बंद. तापमान बघितलं तर शंभरला टेकलेलं. माझ्या पोटात गोळाच आला. बोर्ड बाहेर काढून मागनं बघितलं तेव्हा कळलं, चारही पिनांची टोकं मागच्या बाजूला सारखी बाहेर यायला पाहिजेत, एक आत होती. नीट बसवल्यावर गेम खेळताना ६५, आधी ९० च्या वर असायचं. तापमान फार चढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे एवढी वर्षं मी त्याला दमवतच होतो.

त्यानंतर एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क, २६०० रुपयांची, ४८० जीबी, साध्या साटा वायरची. एच-८१ बोर्डावर चार साटा पोर्ट असतात पण त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, उरलेले दोन निम्म्या वेगाचे, त्यामुळं एसएसडी वेगवानमध्ये आणि जुनी हार्ड डिस्क दुसऱ्यात. विंडोज १० नव्यानं टाकलं, जुन्याची नक्कल केली नाही, कारण दहा वर्षांचा कचरा परत कशाला आणायचा. बूट व्हायला आधी तीन मिनिटं लागायची, बाबा पीसी चालू करून चहा ठेवायला जायचे, आता वीस सेकंदात. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, एसएसडीनं एफपीएस एकानंही वाढले नाहीत. मॅप लवकर उघडतो, राउंडच्या सुरुवातीचं गोठणं गेलं, बाकी एफपीएस तेच.

रॅमच्या बाबतीत फसायला फार वाव आहे. डीडीआर-३ मी जुनीच घ्यायची ठरवली आणि जुन्यात ८ जीबीच्या अशा पट्ट्या फिरतात ज्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. स्वस्त असतात, खाच तीच, बसतातही नीट, पण इंटेलच्या बोर्डावर पीसी चालूच होत नाही. मी एक तशी आणली होती, विकणाऱ्यानं परत घेतली म्हणून बरं. वर नाव असलेल्या कंपनीची १६०० मेगाहर्ट्झची बघून शेवटी ८५० ला एक अशा दोन घेतल्या, १७०० रुपये. एकच १६ ची चालत नाही, ह्या बोर्डाला दोनच जागा आणि एका जागेत ८ च. पण दोन पट्ट्या लावायचं खरं कारण वेगळं आहे, दोन असल्या की ड्युअल चॅनेल चालू होतं, प्रोसेसरला दोन रस्त्यांनी एकदम माल मिळतो. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यानं ह्याच रॅमवर जगतं, त्यामुळं ग्राफिक्स कार्ड न घेता फक्त रॅमनं माझे एफपीएस ५५ वरनं ७० ला गेले. रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली, सकाळी एकही चूक नाही, मगच पैसे वसूल झाले असं मानलं.

इथपर्यंत ४८५० रुपये. तुमच्याकडं एवढेच असतील तर इथं थांबा, खरंच सांगतो, सगळ्यात मोठा फरक एवढ्यातच पडला. त्या रात्री सम्या म्हणाला, "लगा, आज तुझा आवाज एकदा पण तुटला नाही," आणि आम्ही पावणेदोनपर्यंत खेळलो, दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट असून.

मी थांबलो नाही कारण तिसरा आजार राहिला होता. आय-३ ला दोनच कोअर, म्हणजे काम करणारी डोकी दोनच, आणि प्रत्येकाला कामाच्या दोन रांगा, म्हणजे थ्रेड. गेम आणि शेजारी व्हॉइस चॅट आणि चीटिंग पकडणारं गेमचं ते अँटी-चीट एवढं सगळं चाललं की चारही थ्रेड भरायचे. त्याच सॉकेटला बसणारा आय-५ ४५९० मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातनं कुरिअरनं मागवला, वापरलेला, १९०० रुपये. आय-७ ४७७० पण बसला असता पण त्याला पाच हजाराच्या वर सांगत होते आणि माझ्या खेळाला चार खरे कोअर पुरणार होते. दोन्ही प्रोसेसर २०१४ चेच असल्यानं बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायची भानगड नव्हती. ह्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या, एक वाकली तरी बोर्ड जाऊ शकतो. प्रोसेसर सरळ वरनं ठेवायचा, सोडायचा नाही, सरकवायचा नाही. मी श्वास रोखून बसवला.

ग्राफिक्स कार्डाच्या आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा. माझ्या जुन्या लोकल एसएमपीएसवर ४५० वॉट असं मोठ्या अक्षरात छापलेलं, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढं १४ अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे १२ गुणिले १४, १६८ वॉट, खरी ताकद एवढीच. नवीन घेतला त्याच्यावर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॉट, ब्रॉन्झ रेटिंगचा, २७०० रुपये. हातात घेतला तर जुन्याच्या दुप्पट जड. पैसे ह्याच्यात घालायला कुणालाच आवडत नाही कारण ह्यानं गेम वेगात पळत नाही, पण एसएमपीएस उडाला तर जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्हीला घेऊन जाऊ शकतो. गावभागात पावसाळ्यात लाइट दिवसातनं सहा वेळा जाते-येते, मला तिथं वाचवायचे नव्हते.

कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. २०१६ चं आहे पण ७५ वॉटच खातं, त्यातल्या बऱ्याच मॉडेलला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, स्लॉटमधनंच भागतं, जुन्या पीसीला ह्याच्यासारखं सोयीचं दुसरं नाही. पहिली जाहिरात दिसली २८०० रुपयांची. एवढं स्वस्त बघून मी जीपीयू-झेडचा, म्हणजे कार्डाची खरी माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, फोटो मागितला, तर त्यात कोअर १९२ दिसले, खऱ्याला ७६८ असतात, आणि नावापुढं फेक असा शिक्का त्या सॉफ्टवेअरनंच मारलेला. जुन्या कार्डाचं बायोस बदलून नवीन नाव चढवतात. जुनं कार्ड घेताना हा एक फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवूच नका. दुसरं कार्ड मिरजेत एका पोराकडं मिळालं, पिंट्याला घेऊन गेलो, त्याच्याच पीसीवर पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवलं, तापमान ७१ ला थांबलं, पंख्याचा आवाज नाही, स्क्रीनवर ठिपके नाहीत. ५२०० सांगत होता, ४८०० ला दिलं आणि त्याच्या आईनं आम्हा दोघांना चहा पण दिला.

घरी येऊन लावलं आणि मॉनिटरची वायर हातात धरून बसलो, कारण कार्डाला व्हीजीए नाहीच. एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट आणि डीव्हीआय, पण त्या डीव्हीआयमधनं पण जुना ॲनालॉग सिग्नल येत नाही, म्हणजे साधा जोड चालत नाही, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. रविवारची संध्याकाळ, हरभट रोडला तीन दुकानं फिरलो, चौथ्यात ३५० ला मिळाला. जुना मॉनिटर असेल तर हे आधी बघून ठेवा.

त्या रात्री एफपीएस १५०, गर्दीत १०५ च्या खाली नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे तर वरचे दिसतात कुठं, असं रोह्या म्हणाला, ते खरं आहे, पण माऊस हलवल्यावर हात आणि चित्र एकत्र हलतं हे जाणवतं. नंतर मी १२० ला बांधून ठेवले, कार्ड थंड राहतं.

सगळे मिळून १४,६०० झाले. एक अडचण उरली आहे ती पण सांगतो. विंडोज ११ अधिकृतपणे ह्या पिढीच्या प्रोसेसरवर चालत नाही, इंटेलची आठवी पिढी लागते, आणि विंडोज ११ वर वॅलोरंट टीपीएम २ आणि सिक्युअर बूट ह्या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतं, त्यामुळं आडमार्गानं ११ टाकून पण उपयोग नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मी वर्षभराच्या वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव घातलंय आणि बँकेचं सगळं फोनवर हलवलं. ह्या पीसीची गेमसाठीची दोन-एक वर्षं मी धरली होती, एक तर छान गेलं. पावसाळ्यात इर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटाला आल्याची बातमी आली की कॅबिनेट वर चढवायचं, हे तर आता अंगवळणीच पडलंय.

काढलेला आय-३ आणि ४ जीबीची पट्टी पिशवीत घालून ठेवली होती. गेल्या महिन्यात गल्लीतल्या काकूंचा अकरावीतला पोरगा आला, त्याचा पण एच-८१ चाच जुना पीसी, म्हणाला, "दादा, लय लॅग देतोय, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" मी पिशवी घेऊन त्याच्या घरी गेलो, ती बाजूला ठेवली आणि म्हटलं, आधी मला राउटर कुठंय ते दाखव.